झोपलेल्यांना उठवणारे मास्तर

दिवसाढवळ्या झोपलेला माणूस आमच्या घरमालकांना, म्हणजे मास्तरांना, बघवत नसे. आळशीपणाचा राग वगैरे काही नव्हता. झोपलेला माणूस दिसला की त्यांचा चेहराच उतरायचा आणि त्याला उठवल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडायचं नाही. जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी झोपणाऱ्यांना काही तोटा नव्हता. कडुनिंबाखाली सायकलरिक्षावाले आपल्याच रिक्षात पाय वर टाकून पडलेले असत, इस्त्रीवाला टेबलाखाली, बंगल्यांचे चौकीदार खुर्चीत. मास्तर छत्री घेऊन निघायचे आणि एकेकाला हलवत जायचे. "भैया! ओ भैया! सुनो तो!" तो दचकून उठायचा, काहीतरी पुटपुटायचा. मग मास्तर म्हणायचे, "ठीक है, ठीक है, सो जाओ," आणि पुढच्याकडे वळायचे. उठवून परत झोपायला सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. रिक्षावाले त्यांना मागून काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. विमा कंपनीने मला अकोल्याहून उचलून जयपूरला टाकलं होतं. बायको आणि शाळकरी मुलगी बरोबर. परमुलखात मराठी घरमालक मिळतोय म्हणून बायको हरखून गेली होती. मी हरखलो नाही. माझा स्वभाव तसा नाही आणि पोटापाण्याच्या कामाने तो आणखीच बिघडवलेला.

घर बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी आम्हाला ओसरीवर बसवून घेतलं. ते मूळचे वाईकडचे, गणिताचे मास्तर, उमेदीची वर्षं आफ्रिकेत शिकवण्यात गेलेली. बायको वारलेली, मुलगी परदेशात. त्यांनी मला गाव विचारलं, अकोल्यात कुठे ते विचारलं, वडील काय करायचे ते विचारलं. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पुन्हा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "वडील काय करायचे म्हणालात?" मी मनात म्हटलं, अरे वा. तोच प्रश्न थोड्या वेळाने फिरवून विचारायचा, ही आमच्या धंद्यातली युक्ती. ती पहिल्यांदाच कुणी माझ्यावर चालवत होतं.

"आणि तुम्ही विमा कंपनीत काय करता?"

"मृत्यूचे दावे तपासतो."

"म्हणजे नक्की काय?"

"माणूस मेला असं घरचे कळवतात. तो खरंच मेलाय का, ते जाऊन बघतो."

मास्तर खुर्ची ओढून पुढे सरकले. मग खोल्या न दाखवताच म्हणाले, "वरचा मजला तुमचा."

बायको खूश. मला मात्र चैन पडेना. माझं काम ऐकल्यावर लोक खुर्ची जरा मागे सरकवतात. हा माणूस पुढे सरकला होता. माझ्या अनुभवात मरणाच्या पुराव्यांत ज्याला एवढा रस असतो, त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं. एक मेलेला माणूस मी स्वतः आमेरच्या बसथांब्यावर कचोरी खाताना पकडला होता. घरी त्याच्या फोटोला हार घातलेला, बायकोचं कपाळ मोकळं, सगळं रीतसर. त्याने मला बघून कचोरीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अहो, घरी आल्यावर तरी ऑफिस डोक्यातून काढत जा," बायको म्हणायची. "म्हाताऱ्या माणसावर कसला संशय घेता?"

पण म्हातारा मला गप्प बसू देईल तर ना. जिन्यात गाठायचा.

"नाडी लागली नाही की मेला असं धरता का तुम्ही?"

"मी नाही धरत. डॉक्टर धरतात."

"आणि गावात डॉक्टर नसला तर?"

"मग एखादा प्रतिष्ठित माणूस लिहून देतो. सरपंच, शाळेचा मास्तर."

"मास्तराचं धरता?"

"धरतो की."

ते तसेच वळून खाली गेले. पुढचे दोन दिवस ते मला टाळत होते. मी बायकोला म्हटलं, बघ, कुठेतरी लागलंय.

रविवारी दुपारी जेवून मी आडवा झालो की दारावर टकटक व्हायचीच. उघडलं तर मास्तर.

"झोपला होतात?"

"हो."

"झोपा, झोपा."

दार लावून मी जे बोलायचो ते बायको मुलीला ऐकू देत नसे. मुलीला मात्र त्यांची गंमत वाटे. इथल्या शाळेत जायला लागल्यापासून तिची मराठी निम्मी हिंदीत गेली होती. "आजोबा पागल नाहीयेत गं आई," ती म्हणायची, "मतलब, थोडेसेच आहेत." एकदा ती त्यांच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर झोपल्याचं सोंग घेऊन पडली. त्यांनी हाक मारली, हलवलं, ही दम कोंडून तशीच. मग डोळे उघडून हसली तेव्हा मास्तर जमिनीवर बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. बायकोने त्यांना लिंबूपाणी दिलं आणि पोरीला असं काही फैलावर घेतलं की तिने पुन्हा तो खेळ केला नाही.

गणपतीत इथलं मराठी मंडळ जमायचं. बँकेतली, रेल्वेतली, विम्यातली बदलीवाली माणसं. आरती झाली की प्रसादाबरोबर बातम्याही वाटल्या जात. मास्तरांचा भाडेकरू म्हटल्यावर लोक मला कोपऱ्यात घेऊ लागले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात यादवी माजली तेव्हा मास्तर तिथल्या एका कैद्यांच्या छावणीत होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे दोन पक्ष. एक म्हणे, बिचाऱ्याने फार भोगलं. दुसरा म्हणे, भोगलं कसलं, तिथून कुणी जिवंत परतलं नाही, मग हाच कसा आला? कैद्यांत होता की कोंडणाऱ्यांत, कुणाला ठाऊक?

आता हे ऐकल्यावर मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. मी मास्तरांना सरळ देश विचारला. त्यांनी एक नाव सांगितलं. दिवाळीच्या फराळाला पुन्हा विचारलं तेव्हा दुसरं. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तिसरंच. आमच्याकडे एका प्रश्नाला तीन उत्तरं देणाऱ्याला आम्ही चहासुद्धा विचारत नाही.

भरीत भर म्हणजे त्यांच्या रविवारच्या फेऱ्या. सकाळी कापडी पिशवी घेऊन ते चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात जायचे. भाजी आणतो म्हणायचे, पण भाजी तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळायची. परत यायचे ते रिकाम्या पिशवीने, आणि बाह्यांवर, भुवयांवर पांढरी धूळ. त्या दिवसांत देवळांतून मूर्ती चोरीला गेल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून यायच्या. मला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. एकटा म्हातारा, परदेशी ओळखी, संगमरवराची धूळ. पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागोमाग निघालो.

चांदपोल दरवाज्यातून आत शिरून ते मूर्तिकारांच्या गल्लीत वळले. तिथे दोन्ही बाजूंना अर्धवट देव उभे असतात. नुसताच गदेचा हात घडलेला मारुती, सिंहाशिवाय दुर्गा, सोंडेचा नुसता अंदाज आलेला गणपती. यंत्रांच्या घरघरीने कान किटतात आणि धूळ तर जिभेवर येते. एका दुकानासमोर मास्तर थांबले. मी पलीकडच्या दुकानात कासवाचा भाव करत असल्याचं सोंग करून कान लावला.

आत एक म्हातारा कारागीर पुढ्यात दगडी मुंडकं घेऊन बसला होता.

"मास्टरजी, अब तो बता दो," तो म्हणत होता. "खोलूँ कि मूँदूँ?"

"अभी रहने दो."

"दो साल से रहने ही दे रहा हूँ!"

तेवढ्यात मास्तर मान न वळवता मराठीत म्हणाले, "या आत. मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही फारच उशीर केलात."

मी कासव ठेवून आत गेलो. दुसरं करणार काय? कारागिराने माझ्याकडे तक्रार सुरू केली. "आप इनके घर से हो? इनको समझाओ ज़रा. आँख आख़िर में होती है, यह तो हमारा भी क़ायदा है. लेकिन आख़िर आनी भी तो चाहिए!" ह्या साहेबांना एका साध्या माणसाचा चेहरा हवा होता म्हणे. आधी घडवलेले सगळे कृष्णासारखे झाले, कारण हाताला सवयच ती. आता कुठे माणूस उतरला, तर डोळे उघडे करू की मिटलेले ते हे सांगत नाहीत.

मी त्या दगडाकडे बघितलं. अरुंद कपाळ, रुंद नाक, वर आलेली गालफडं, एक कान जरा पुढे. कुठलाच देव नव्हता तो. डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत फुगवटे होते. इतका ओळखीचा वाटणारा आणि इतका अनोळखी चेहरा मी बघितला नव्हता. बसायला जागा नव्हती. कारागिराने शेजारचा नंदी दाखवला. "बैठो, बैठो. अभी पत्थर ही है. आँख नहीं लगी." मी नंदीवर टेकलो.

"हा शिंपी होता," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या घरघरीत त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून ते वर्गात शिकवल्यासारखं सांगत होते. कापसाचं एक जुनं गोदाम, खिडकी एकच. यादवी सुरू झाल्यावर शाळा बंद पडली. परदेशी मास्तर कुठल्या बाजूचा हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून धरून आत टाकलं. "तिथं कुणी फारसं मारत नव्हतं हो. नुसतं ठेवलं होतं. त्यानेच माणसं मरायची. हगवण, ताप." सकाळी पहारेकरी दार उघडायचे, पण वासाने आणि रोगाच्या भीतीने आत पाय ठेवायचे नाहीत. ते दारातून म्हणाले, टीचर, तू बघून सांग. मास्तर अंगांवरून वाट काढत जायचे, हाक मारायचे, हलवायचे. ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याला कैद्यांनीच उचलायचं, बाहेर नेऊन खड्ड्यात टाकायचं.

"त्याबद्दल मला खिडकीजवळची जागा मिळाली," ते म्हणाले. "मंडळात माझ्याबद्दल म्हणतात ते अगदीच खोटं नाही. मी वाचलो तो त्या खिडकीमुळे."

शिंपी तिथलाच, शेजारच्या गावचा. तारेच्या तुकड्याची सुई करून त्याने मास्तरांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली होती. मास्तर त्याची भाषा बोलायला गेले की तो पोट धरून हसायचा. एका सकाळी त्याने हाकेला ओ दिली नाही. मास्तरांनी हलवलं, तो हलला नाही. मास्तरांनी बोट दाखवलं.

"उचलताना पाय माझ्याकडे आले. पाय गरम होते."

कारागिराला मराठी कळत नव्हती, पण त्याने छिन्नी खाली ठेवली होती.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"नाही. बोललो असतो तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला असता. आणि खिडकी गेली असती. ऊन तिथं सकाळपासून असतं, गोदामाचा पत्रा तापतो, तापाने फणफणलेलं अंग, हे सगळं मी त्याच वेळी मनात म्हणून घेतलं. खड्ड्यापर्यंत म्हणत गेलो. अजून म्हणतोय." मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं हेच काम. दुसऱ्या कुणाला विचारणार मी? सांगा मला. तो मेला होता का?"

मला येत होतं तेच मी केलं. मी चौकशी सुरू केली. आदल्या संध्याकाळी तो बोलला होता का? पाणी प्याला होता. श्वास बघितलात? बघितला, लागला नाही, पण आजूबाजूला कण्हणं चाललेलं. अंग ताठलं होतं? नाही. डोळे?

"अर्धे उघडे."

आमच्या पद्धतीने बघितलं तर हा दावा मी मंजूरही केला नसता आणि नाकारलाही नसता. पुराव्याअभावी पडून राहिला असता. पण माझ्यासमोर पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा उभा होता आणि मला त्याची इतकी दया आली की मी म्हणालो, "मेला होता, मास्तर. तापातलं अंग लवकर गार पडत नाही."

"हे चौकशी करून सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

मी बाहीवरची धूळ झटकायला लागलो. तेवढा वेळ त्यांना पुरे झाला.

"अभी रहने दो," ते कारागिराला म्हणाले.

परत येताना मी त्यांना त्या तीन देशांबद्दल छेडलंच. ते म्हणाले, "देश सांगितला की लोक पेपर वाचल्यासारखं ऐकतात. कोण बरोबर, कोण चूक, तेल कुणाचं होतं. शिंपी राहून जातो." उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तरांवर माझा विश्वास कमीच. माणूस स्वतःविरुद्ध एक गोष्ट कबूल करतो ती पुष्कळदा मोठी गोष्ट झाकायला, हेही मी पाहिलेलं आहे. खिडकीच्या कोणत्या बाजूला ते उभे होते, हा प्रश्न माझ्या मनातून तेव्हा गेला नाही आणि आजही पुरता गेलेला नाही. खातरजमा करायला कुणी उरलंही नव्हतं.

फाटकाशी आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "मी गेलो की घाई करू देऊ नका. डॉक्टर सांगेल, सगळे सांगतील, तुम्ही कुणाचं ऐकू नका. तुमचा स्वभाव संशयी आहे. त्यासाठीच तर वरचा मजला दिला तुम्हाला."

मी हो म्हटलं. त्यानंतरही ते रविवारी दार वाजवायचे, फक्त आता मी आतूनच "आहे, आहे" असं ओरडायचो आणि ते निघून जायचे. बायकोला ह्यातलं काही सांगितलं तेव्हा ती दुसऱ्या दिवसापासून दुपारी झोपेनाशी झाली. मास्तरांना जागी दिसेल अशी ओसरीवर गहू निवडत बसायची.

पुढच्या एका हिवाळ्यात, थंडी अशी की नळाचं पाणी बोटांना चावायचं, सकाळी मास्तरांनी दूध आत घेतलं नाही. बायकोनेच पाहिलं. ते पलंगावर रजई छातीपर्यंत ओढून पडले होते. पहाटे कधीतरी गेले असावेत. डॉक्टर आले, छातीला नळी लावली, कागदावर लिहून दिलं. परदेशातल्या मुलीला फोन झाला. तिला येणं जमणार नव्हतं. तुम्हीच करा, म्हणाली, आणि रडू लागली.

समोरचे वकीलसाहेब चांगला माणूस, त्यांनी सगळं अंगावर घेतलं. बांबू आले, कापड आलं, पंडितजी म्हणाले, दुपारच्या आत निघूया. मास्तरांना खाली काढून फरशीवर ठेवलं. मंडळातली माणसं आली. थांबायला काहीच कारण नव्हतं.

"रुकिए," मी म्हणालो.

"किसका इंतज़ार है?"

विचारणारे पंडितजी. आता त्यांना काय सांगणार? तोंडाला जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं. "अभी जाँच बाकी है."

सगळे माझ्याकडे बघू लागले. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "भाईसाहब, पॉलिसी-वॉलिसी का कोई चक्कर है क्या?" मंडळातले दोघे दारात कुजबुजत होते. त्यांतलं "घर" आणि "भाडेकरू" एवढं मला ऐकू आलं. मी आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर कशी लागते ते मला तिथे कळलं. लागते चांगलीच. पण मी हललो नाही. इतकी वर्षं माझ्या संशयी स्वभावाला नावं ठेवणारी माझी बायको आतून खुर्ची घेऊन आली, ती तिने खोलीच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसून म्हणाली, "ह्यांचं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. किसी ने भी नहीं."

मी मास्तरांजवळ बसलो. नाकापुढे हात धरला. काही लागलं नाही, पण माझी बोटं थंडीने बधिर झाली होती, त्यांचं काय खरं धरायचं? मुलीच्या दप्तरातून छोटा आरसा मागवला आणि धरला. धुकं आलं नाही, पण धुकं धरण्याइतका आरसा गार होता की नव्हता? पाय चाचपले. गार. पण जयपूरच्या जानेवारीत फरशीवर कुणाचे पाय गार नसतात, माझेही होते. डॉक्टरांना घाई होती, त्यांचा दवाखाना उघडायचा होता. एकेक पुरावा मी हातात घेत होतो आणि बाजूला ठेवत होतो. मग त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "मास्तर! ओ मास्तर! ऐका तरी!" दारात कुणीतरी हुंदका दिला. त्यांना वाटलं, मी शोक करतोय.

किती मेलेल्यांवर मी संशय घेतला असेल. कंपनीसाठी घेतला, सवयीने घेतला, कधी नुसता माझी हुशारी दाखवायला घेतला. त्या दिवशी मात्र माझा संशय खरा निघावा असं मला मनापासून वाटत होतं. येत होती नव्हती ती सगळी विद्या पणाला लावून मी त्या माणसाच्या मरणात एक खोट शोधत होतो.

बाहेर माणसं उन्हाला बसली, उठली, पुन्हा बसली. पंडितजी जेवून आले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा मी त्यांचा कोपर वाकवून पाहिला. वाकला नाही. गुडघा पाहिला. तोही नाही. मी पुन्हा एकदा, सावकाश, सगळं पहिल्यापासून तपासलं. मग दारात आलो. वकीलसाहेब उभे राहिले.

"गेले," मी त्यांना मराठीतच सांगितलं, आणि माझाच आवाज ऐकल्यावर मग मला रडू फुटलं.